नव्या कल्हईचं तपेलं

फेब्रुवारीत अक्षदानं बेल्ह्यात खोली घेतली तेव्हा घरमालकीण सरूबाई दारातच उभी राहून तिचं सामान बघत होती. एक गादी, एक पेटी, कपड्यांच्या दोन पिशव्या आणि रिकाम्या बाटल्यांनी भरलेला थर्माकोलचा खोका.

"एकट्याच राहनार?"

"हो."

"आन् करनार काय इथं?"

"पाणी तपासायचंय. विहिरींचं, बोअरचं, नळाचं."

"आमचं पाणी चांगलं हाये," सरूबाई म्हणाली आणि तो विषय तिथंच संपला.

अक्षदा मूळची मंचरची. पुण्यात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि तिला आता पाचवं वर्ष लागलं होतं. पाण्यातलं शिसं जागच्या जागी ओळखणारा एक सेन्सर तिनं बनवला होता. रक्तातली साखर तपासायची असते तसली पट्टी. तिच्या टोकाला डाळीएवढा सोन्याचा ठिपका आणि त्या ठिपक्यावर डोळ्यांना न दिसणारे डीएनएचे धागे चिकटवलेले. पाण्याचा थेंब टाकायचा, पट्टी काड्यापेटीएवढ्या यंत्रात खोचायची, यंत्र मोबाइलला जोडायचं. धागे शाबूत असले की मोबाइलवर टेकडीसारखी रेघ उमटायची. पाण्यात शिसं असलं तर ते नेमके हेच धागे तोडायचं. शिसं जितकं जास्त तितकी टेकडी बुटकी.

प्रयोगशाळेत हे सगळं छान चालत होतं, पण तिथलं पाणी तिनं स्वतःच शिसं घालून तयार केलेलं. "आता खऱ्या पाण्यावर चालवून दाखव," तिचे मार्गदर्शक सुदर्शन सर म्हणाले होते. म्हणून ती आली होती.

सकाळी स्कूटीवरून गावं गाठायची, बाटल्या भरायच्या, दुपारी खोलीवर येऊन पट्ट्या लावायच्या. मढपासून आण्यापर्यंत आख्खा जुन्नर तालुका तिनं पिंजून काढला. सगळीकडे टेकडी उंचच्या उंच. शिसं नाही. लोकांच्या दृष्टीनं ही चांगली गोष्ट होती, तिच्याही दृष्टीनं असायला हवी होती. पण रोज काहीच नसल्याची नोंद करायची आणि ती कुणाला सांगायचीही सोय नाही, ह्यानं तिला आतून पोखरल्यासारखं होई. सरांना आलेख पाठवला की अंगठ्याचं चित्र यायचं. प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर बसणारी तिची मैत्रीण जर्मनीला गेली होती. सुरुवातीला फोन व्हायचे, मग दोघींच्या वेळा जुळेनाशा झाल्या. आई फोनवर एकच विचारायची, "अजून किती दिवस?" कधी कधी संध्याकाळी तिच्या ध्यानात यायचं की आपण दिवसभरात पेट्रोल पंपावरच्या माणसाशी तेवढं बोललो.

तुकाबाई तिला भेटली ती मार्चमध्ये, आण्याला.

गावाबाहेरच्या वस्तीवर दोनच घरं होती, मधे ताल, म्हणजे कमरेएवढा रचलेला दगडी बांध. एक घर मोठं, स्लॅबचं, समोर ट्रॅक्टर. दुसरं पत्र्याचं, दारात बाभळीखाली दोन शेळ्या. मोठ्या घरात कुणी नव्हतं म्हणून अक्षदा पत्र्याच्या घराकडे वळली. ओट्यावर एक म्हातारी उजवा हात मांडीवर टाकून बसली होती.

"आजी, नळाचं थोडं पाणी मिळेल का? तपासायला."

"नळ परवा येऊन गेला. आता दोन दिस न्हाई यायचा," म्हातारी म्हणाली. "भरल्यालं हाये आत. प्यायला पायजे का बघायला?"

अक्षदाला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी. "दोन्ही."

"मग पान्यानं काय व्हतंय? ताक पी."

म्हातारी उठली आणि दाराच्या चौकटीला धरून आत गेली. ताकाचा पेला घेऊन आली तेव्हा अक्षदानं पाहिलं की तिनं तो डाव्या हातानं आणलाय आणि उजवा पंजा मनगटापासून खाली लोंबतोय, पिकलेल्या कणसासारखा. ताक आंबट होतं, थंड होतं. अक्षदानं दोन पेले घेतले. मग म्हातारीनं दाखवलेल्या भांड्यातून बाटली भरून घेतली. नळ आला की तुकाबाई घरातली झाडून सगळी भांडी भरून ठेवायची. हातानं लांबून आणणं होत नाही म्हणून. बाटली भरली ती चुलीशेजारच्या एका पितळी तपेल्यातून.

त्यानंतर अक्षदा आण्याच्या पठारावर आली की तुकाबाईकडे थांबू लागली. कामाच्या नावाखाली, पण खरं म्हणजे तिथं कुणीतरी "आलीस का?" म्हणत होतं म्हणून. तुकाबाईचा नवरा कुशाबा मेंढरं राखायचा. लग्न झाल्यापासून तीही त्याच्या मागं, पावसाळा सरला की घाट उतरून कोकणात आणि उन्हाळ्याच्या शेवटी परत. कुशाबा गेला, मेंढरं विकली. मुलगा दादाभाऊ चाकणला कंपनीत होता. तो दिवाळीला यायचा, कधी यात्रेला.

"पूर्वी रानात बी कदी एकटं वाटलं न्हाई," ती एकदा म्हणाली. "रातभर मेंढरं खाकरायची, घंटा वाजायच्या. आता इथं पत्रा वाजतो नुस्ता."

तिच्याकडे रोज येणारं माणूस एकच. शेजारच्या मोठ्या घरची सून, श्रेया. तिला पाचवा महिना लागला होता. घरचं दूध सगळं डेअरीला जायचं, त्यातलं लिटरभर ती तुकाबाईला आणून द्यायची. तुकाबाई ते विरजायची. पण हात असा झाल्यापासून रवी फिरवता येईना, मग घुसळायलाही श्रेयाच यायची. घुसळून झालं की तांब्याभर ताक तिथंच बसून प्यायची. तिला डोहाळे आंबटाचे होते आणि सासू प्रयागबाई आंबटाला हात लावू द्यायची नाही.

"आजी, तुमच्या ताकाला चवच वेगळीये," श्रेया म्हणायची. "गोडसर लागतं मागनं."

"अगं, भांड्याला नवी कल्हई हाये," तुकाबाई अभिमानानं सांगायची. "दिवाळीच्या आदी एक कल्हईवाला आल्ता मोटारसायकलवर. कसं चांदीवाणी केलंय बघ. आता आंबट ठिवलं तरी कळकत न्हाई."

तुकाबाईच्या पाण्याची बाटली खोक्यात तळाशी राहिली होती. अक्षदानं ती तपासली तेव्हा आठवडा उलटून गेला होता. मोबाइलवर रेघ उमटली आणि ती पाहतच राहिली. टेकडीचा नुसता उंचवटा राहिला होता. तिनं दुसरी पट्टी घेतली, मग तिसरी. तेच. पिण्याच्या पाण्यात चालतं त्याच्या सहापट शिसं.

खोटं कशाला, तिला आधी आनंद झाला. सेन्सर चालला होता. खऱ्या पाण्यावर, एका चुलीशेजारच्या भांड्यातल्या पाण्यावर तिचे धागे बरोबर तुटले होते. ती खोलीत उभी राहिली, कुणाला सांगावं म्हणून मोबाइल हातात घेतला आणि सरांनाच आलेख पाठवला.

ह्या वेळी अंगठा आला नाही. फोन आला.

"बाटली नीट धुतली होतीस? हातचूक असेल. त्या भागात शिसं कुठून येणार?"

म्हणून दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. नळ आला होता, त्याखालून घेतलं, प्लॅस्टिकच्या पिंपातून घेतलं, मातीच्या माठातून घेतलं आणि पितळी तपेल्यातून घेतलं. ओट्यावर बसूनच पट्ट्या लावल्या. तुकाबाई शेजारी बसून बघत होती.

"ह्या पट्टीवर बारीक धागा लावलाय," अक्षदानं तिला सांगितलं. "शिसं आलं की तो तुटतो."

"आन् शिसं म्हंजे? बंदुकीच्या गोळीचं आसतं त्ये?"

"तेच."

नळाच्या पाण्याची टेकडी उंच. पिंपाची उंच. माठाची उंच. तपेल्याची भुईसपाट. तेव्हा अक्षदानं ते तपेलं उचलून उजेडात धरलं. आतून खरंच चांदीसारखं चकचकत होतं, पण कडेला जिथं रवी घासत होती तिथं राखाडी छटा आली होती. चांगली कल्हई कथलाची असते. ह्या माणसानं कथलात शिसं मिसळलं होतं.

"आजी, ताक पण ह्यातच असतं?"

"मग? रातीला विरजन, दिसा पानी. ताकासाठीच तर केली कल्हई."

ताक थेट पट्टीवर चालत नाही, पट्टीवर साय धरते. अक्षदानं ते खोलीवर नेलं, आम्ल घालून गाळलं आणि तपासलं. रेघ उमटलीच नाही. तिनं ते शुद्ध पाणी घालून पातळ केलं, आणखी पातळ केलं, तेव्हा कुठं यंत्राला आकडा सांगता आला. आंबट ताक रात्र-रात्र त्या कल्हईत राहून शिसं ओढून घेत होतं. आणि तिला एकदम सगळं दिसलं. लोंबणारा पंजा. तुकाबाईच्या पोटातली कळ, जिला ती वायगोळा म्हणायची. हिरड्यांवरची निळसर रेघ, जी अक्षदाला मिशरीची वाटली होती. आणि पाच महिन्यांची पोटुशी श्रेया, तांब्याला तोंड लावून बसलेली.

ती स्वतःही प्यायली होती, पण त्याचा विचार तिच्या मनात फार वेळ राहिला नाही.

सरांनी आकडे ऐकून घेतले. मग सावकाश म्हणाले, "हे बघ, आपला सेन्सर अजून सिद्ध झालेला नाही. नमुने इकडे पाठव, मोठ्या यंत्रावर चढवू. आठ-दहा दिवसांत कळेल. तोवर गावात बोलू नकोस. उद्या चुकीचं निघालं तर?"

सरांचं चुकीचं नव्हतं. हीच शिस्त त्यांनी तिला पाच वर्षं शिकवली होती. पण आठ-दहा दिवस म्हणजे आठ-दहा तांबे. तिनं नमुने सकाळच्या एसटीनं पुण्याला पाठवले आणि स्वतः आण्याला गेली.

तुकाबाईला आधी पटेचना.

"माज्या भांड्यात ईख? अगं, सासूच्या हातचं भांडं हाये त्ये. चाळीस वर्सं वापरलंय."

"भांडं चांगलंच आहे आजी. कल्हई वाईट आहे. तुमचा हात त्यानंच गेलाय."

"हात वयानं गेलाय. डाक्टर म्हनला."

"आजी, डावा हात पण तुमच्याएवढाच म्हातारा आहे ना? तो का नाही गेला?"

तुकाबाईनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. उजव्या हातानं ती आयुष्यभर काम करत आली होती, आणि शिसं आधी तोच हात धरतं. अक्षदानं ते सांगितलं. मग म्हातारी बोलली ते स्वतःच्या हाताचं नव्हतं.

"श्रेयानं बी पेलंय."

"हो."

"रोज पेलंय."

त्याच वेळी श्रेया दूध घेऊन ताल ओलांडून आली. दोघींचे चेहरे बघून दारातच थबकली. अक्षदानं जेवढं साधं करून सांगता येईल तेवढं सांगितलं: आजपासून थेंबही प्यायचा नाही, रक्त तपासून घ्यायचं, लगेच. श्रेयानं दुधाची किटली खाली ठेवली आणि दोन्ही हात पोटावर नेले. बोलली ती तिच्या मागून आलेली प्रयागबाई.

"काय म्हनल्या मॅडम? काय पाजलंय हिनं?"

अक्षदानं पुन्हा सांगितलं. प्रयागबाई धिप्पाड बाई, आवाजानं वस्ती हलवणारी. पण त्या दिवशी तिचा आवाज वर गेला नाही, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता.

"आदीचं एक पोटात वारलं हिच्या. दोन वर्सं झाली. त्ये बी ह्याच्यानंच का?"

"नाही हो काकू. कल्हई गेल्या दिवाळीतली आहे. तेव्हाचा ह्याच्याशी काही संबंध नाही."

"तुमाला काय ठावं?" प्रयागबाईनं सुनेचा दंड धरला. "चल घरला."

"आत्याबाई, आजींना तरी कुठं म्हायती व्हतं?" श्रेया म्हणाली.

"चल म्हन्ते न्हवं."

तुकाबाई उठू बघत होती. उजवा हात जमिनीला टेकला, त्यात जोर आला नाही, आणि ती पुन्हा खाली बसली. "प्रयागा," ती म्हणाली, "मी लेकीवाणी..." पण तोवर दोघी ताल ओलांडून गेल्या होत्या. किटली तिथंच राहिली. ती संध्याकाळी श्रेयाचा नवरा भरत येऊन घेऊन गेला, मान वर न करता.

पुण्याचा अहवाल नवव्या दिवशी आला. सेन्सरचा आणि मोठ्या यंत्राचा आकडा जवळजवळ एकच होता. "अभिनंदन," सरांनी लिहिलं. त्याच्या आदल्या दिवशी श्रेयाच्या रक्ताचा अहवाल आला होता. शिसं होतं, असायला नको एवढं होतं, पण औषधांचा मारा करावा एवढं नव्हतं. डॉक्टरांनी लोह दिलं, कॅल्शियम दिलं, दर महिन्याला तपासायला सांगितलं. बाळाचं काय, असं भरतनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, वेळेत थांबलंय, लक्ष ठेवू. हे अक्षदाला भरतनंच फोनवर सांगितलं. शेवटी थोडं थांबून म्हणाला, "मॅडम, तुमी सांगितलं ते बरं केलं. पन आता वस्तीवर येऊ नका. आईचं डोकं ठिकानावर न्हाई."

गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही, आणि पसरताना ती जशी बदलते तशी बदलली. कुणी म्हणे म्हातारीनं ताकातून काही घातलं. कुणी म्हणे आण्याचं पाणीच खराब निघालं, आता गावात सोयरीक कोण करणार. बेल्ह्याच्या आठवडी बाजारात, जिथं लांबलांबून टेम्पोनं बैल येतात, तिथं एका चहाच्या गाड्यावर गोरख नावाच्या माणसानं अक्षदाला विचारलं, "त्या पान्यावाल्या मॅडम तुमीच ना? गावाची बदनामी करू नका राव." ती सांगत होती, पाणी चांगलं आहे, फक्त भांडं. तो ऐकत नव्हता. त्यानंतर दारोदार बाटल्या घेऊन जाणं तिला जड जाऊ लागलं. लोक म्हणायचे, पाणी संपलंय.

पण वस्तीवर ती गेलीच. तुकाबाईला दवाखान्यात न्यायचं होतं आणि नेणारं कुणी नव्हतं. दादाभाऊचा नंबर तिनं म्हातारीच्या मोबाइलमधून घेतला.

"तुमी कोन?" त्यानं विचारलं.

"मी पाणी तपासते."

"मग पानी तपासा. माज्या आईचं काय काम?"

तिनं सांगितलं. पलीकडे कंपनीतल्या मशिनांचा आवाज येत राहिला. "शनवारी येतो," तो शेवटी म्हणाला आणि खरंच आला. चाळिशीचा, अबोल, कंपनीचा निळा शर्ट अंगातच. त्यानं आईचा उजवा हात हातात घेतला, पंजा वर उचलून सोडला, तो खाली पडला. पुन्हा उचलला.

"दिवाळीला असा नव्हता," तो म्हणाला.

"दिवाळीला बरा व्हता," तुकाबाई म्हणाली. "मग कदी झाला ते माजं मलाच कळलं न्हाई. तू फोनवर कसं बघनार?"

तिला तो टोमणा नव्हता मारायचा, पण दादाभाऊ ओट्यावरून उठून शेळ्यांकडे जाऊन उभा राहिला.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात तुकाबाई पंधरवडा राहिली. दादाभाऊ पाळी संपवून यायचा, दिवसा अक्षदा. शिसं अंगातून काढायची औषधं कडक होती, म्हातारीला मळमळायचं, ती भिंतीकडे तोंड करून पडायची. एकदा तिनं विचारलं, "श्रेयाचं काई कळलं?"

"बरी आहे."

"माज्यावर रागावलीय?"

"ती नाही रागावली आजी."

"मग आली आसती," तुकाबाई म्हणाली. अक्षदानं तिचं पांघरूण सरळ केलं. श्रेया माहेरी गेली होती, आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठी. प्रयागबाईनंच पाठवली होती. म्हातारीच्या शेजारी ठेवायची नाही म्हणून.

म्हातारीच्या खाटेशेजारी बसून अक्षदानं आपल्या प्रबंधाचं तेवढं प्रकरण लिहून काढलं. त्यात तुकाबाई नव्हती. "घरगुती भांड्यात साठवलेल्या पाण्याचा नमुना" असं होतं. ते वाक्य लिहून ती थांबली, शेजारी झोपलेल्या म्हातारीकडे पाहिलं. पण दुसरं काही लिहिण्याची तिथं रीत नव्हती.

दादाभाऊनं आईला चाकणला नेलं. एका खोलीत तो, बायको आणि मुलगी प्रांजल. म्हातारी तिथं महिनाभर राहिली. सगळे सकाळी बाहेर पडायचे. ती दाराला आतून कडी लावून बसायची, कारण कडी उघडी ठेवायची नाही असं तिला बजावलं होतं. शेवटी म्हणाली, मला आण्याला सोड. तिथं मी एकटी तर एकटी, पण दार उघडं ठेवून बसते. त्यानं सोडलं. स्टीलची नवी भांडी घेऊन दिली, आणि दर रविवारी यायला लागला. कधी जमायचं, कधी नाही.

अक्षदानं ऑगस्टात बेल्ह्याची खोली सोडली. प्रबंध सादर झाला. पुण्यात एका कंपनीनं तिच्या सेन्सरबद्दल विचारणा केली आणि सुदर्शन सरांनी प्रयोगशाळेत पेढे वाटले. सगळ्यांनी हात मिळवले. त्या संध्याकाळी ती वसतिगृहाच्या खोलीवर आली, चपला काढल्या आणि तशीच खाटेच्या कडेला बसून राहिली. आईला फोन केला, आई रडली, शेजारणीला बोलावून सांगितलं. फोन ठेवल्यावर खोली पुन्हा तशीच झाली. पाच वर्षं तिला वाटत होतं की हे एकाकीपण कामामुळं आहे, काम संपलं की तेही संपेल.

दिवाळी उलटून गेल्यावर एका रविवारी ती आण्याला गेली. पठारावर ज्वारी पोटऱ्यात, कणसं फुटायच्या बेतात आली होती आणि वारा होताच. तुकाबाई ओट्यावर बसली होती. तिनं अक्षदाला पाहिलं आणि उजवा हात पुढं केला, पंजा सावकाश वर उचलला. पूर्ण नाही, पण सरळ रेषेपर्यंत. बोटं थरथरत होती.

"बघ," ती म्हणाली.

अक्षदानं तो हात धरला.

तुकाबाईनं चुलीवर कोरा चहा ठेवला. दूध नव्हतं. शेजारून यायचं ते बंद झालं होतं आणि गावातून आणायला पाय चालत नव्हते. शेळ्याही आटल्या होत्या. प्रयागबाई समोरासमोर आली तर वाट बदलायची. भांडण नव्हतं, शिवी नव्हती. भांडण झालं असतं तर बरं, तुकाबाई म्हणाली, भांडणात बोलनं तर हुतं.

"श्रेयाला मुलगी झाली," अक्षदानं सांगितलं. भरतनं तिला कळवलं होतं. "जुलैत. वजन चांगलं आहे, डॉक्टर तपासतात अधूनमधून. सगळं नीट आहे म्हणाले."

"ठावं हाये. पंधरा दिस झाले आली सासरी. रडनं आयकू येतं ना हितं." तुकाबाई चहा गाळताना थांबली. "भुकंचं रडनं येगळं आन् झोपंचं येगळं. ह्या पोरीचं भुकंचं लई बारीक हाये. श्रेयाला येळंवर समजत न्हाई. मला वाटतं सांगावं. पन कसं सांगनार?"

"मी सांगू?"

"नगं. राहू दे. कळंल तिचं तिला."

दोघी चहा प्यायल्या. उन्हं कलली होती. प्रयागबाई आणि भरत शेताकडे गेले होते, ट्रॅक्टर दारात नव्हता. थोड्या वेळानं मोठ्या घराचं मागचं दार वाजलं आणि श्रेया दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन अंगणात आली. तिनं ओट्यावर बसलेल्या दोघींना पाहिलं. अक्षदाला वाटलं, येईल ती. तालीपर्यंत पंधरा-वीस पावलं होती. श्रेया आली नाही. तिनं एकदा शेताच्या बाजूला पाहिलं, मग बाळाला दोन्ही हातांनी उचललं आणि चेहरा इकडे करून उंच धरलं. बाळानं ऊन लागलं म्हणून तोंड वेडंवाकडं केलं असावं. श्रेयानं ते तसंच धरून ठेवलं, हात भरून येईपर्यंत. मग खाली घेतलं, पदर सावरला आणि आत गेली. दार लागलं.

तुकाबाई उभी राहिली होती. कधी उठली ते अक्षदाला कळलं नव्हतं.

"नाक आईवाणी हाये," म्हातारी म्हणाली.

एवढ्या लांबून, समोरून येणाऱ्या उन्हात, नाक दिसणं शक्य नव्हतं.

"हो," अक्षदा म्हणाली. "श्रेयासारखंच आहे."